अमेरिकेत मनोरुग्णांना बंदूक मिळणंच बंद केलं, तर सामूहिक गोळीबार थांबतील का?

नाही थांबणार. आता सविस्तर.

मी डॅलसजवळ प्लेनोला राहते आणि गेली अकरा वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेते. म्हणजे तुमच्या प्रश्नातल्या 'मनोरुग्णां'मध्ये मीही आले. कुठे गोळीबार झाला की दोन दिवसांत टीव्हीवर कुणीतरी 'हा बंदुकीचा नाही, मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे' म्हणतं, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळे एकदम आमटीत बघायला लागतात.

६ मे २०२३ ला इथून जवळच अ‍ॅलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली. त्यात हैदराबादची एक तरुण इंजिनिअर होती. मुलाचे शाळेचे बूट आम्ही तिथूनच घ्यायचो. दुसऱ्याच दिवशी टेक्ससचे गव्हर्नर अ‍ॅबट टीव्हीवर मानसिक आरोग्याबद्दल बोलले. मारेकऱ्याला २००८ मध्ये लष्कराने तीनेक महिन्यांत, मानसिक कारणांवरून घरी पाठवलं होतं, हे खरं. पण अंगावर नाझी स्वस्तिक गोंदवून घेणं हा कुठला आजार? त्यावर माझ्या डॉक्टरकडे तरी औषध नाही. आणि त्याच्या सगळ्या बंदुका रीतसर विकत घेतलेल्या होत्या.

महिन्याभरात आमच्या भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, पिस्तूल आणलं. ग्रीन कार्ड होतं, अडचण काहीच नव्हती. (एच-वन-बी वाल्यांना एरवी बंदूक घेता येत नाही, पण शिकारीचं लायसन काढलं की येते. उभ्या जन्मात ससा न पाहिलेले लोक ते काढतात.) फॉर्म भरला, दुकानदाराने बॅकग्राउंड चेक (सरकारी नोंदींत नाव तपासणं) केला, अर्ध्या तासात काळी पेटी घेऊन घरी. दसऱ्याला ती पेटी पाटावर, शेजारी स्क्रू-ड्रायव्हर, लॅपटॉप, गाडीची किल्ली. सासूबाईंनी पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. हळद खाचेत गेली म्हणून भावजी नंतर कापसाच्या काडीने पुसत बसले होते. आणि वीस माणसांसमोर म्हणाले, "वहिनी, तुमच्या गोळ्या आणि माझ्या गोळ्या एका खोलीत नकोत हं." सगळे हसले. मीही हसले.

पुढच्या वसंतात गारपिटीने आमच्या छपराची चाळण झाली. काम होईपर्यंत आठ दिवस त्यांच्याकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी जाऊबाई मला लाँड्रीच्या खोलीत घेऊन गेली. "ताई, राग मानू नका, पण हे म्हणाले सेफचा नंबर बदलून ठेवू. तुमचं ते… औषध चालू आहे ना." मी टॉवेलच्या घड्या घालत राहिले. बोलायला हवं होतं.

कायद्याचं म्हणाल, तर त्या फॉर्मवर मनोविकाराबद्दल एवढंच विचारतात, की कोर्टाने किंवा तसा अधिकार असलेल्या मंडळाने तुम्हाला मनोरुग्ण ठरवलंय का, किंवा सक्तीने इस्पितळात दाखल केलंय का. गोळ्या घेणं त्यात बसत नाही, म्हणजे मीही पिस्तूल घेऊ शकते. आणि ते तसंच असावं. गोळ्या घेणाऱ्यांची यादी करा, उद्यापासून कुणी डॉक्टरकडे फिरकणार नाही.

पण जे फॉर्ममध्ये बसतं तेही सुटतं. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात पुढे गोळीबार करणाऱ्या मुलाला डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधिकाऱ्याने 'स्वतःच्या जिवाला धोका' ठरवून बाहेरून उपचार घ्यायचा हुकूम दिला होता. दाखल केलं नाही, म्हणून राज्याने नाव चेकसाठीच्या केंद्राच्या यादीत पाठवलंच नाही. फेब्रुवारी आणि मार्च २००७ मध्ये त्याने दोन पिस्तुलं घेतली, दोन्ही वेळा चेक पास. १६ एप्रिलला ३२ माणसं गेली, त्यात आपल्या मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. नावं पाठवायचा कायदा जानेवारी २००८ मध्ये सुधारला, तोही माणसं गेल्यावर.

एवढं करून सगळ्या गंभीर मनोरुग्णांना वगळलंत तरी काय? अमेरिकेतल्या एकूण हिंसेत त्यांच्या आजारामुळे होणारा वाटा सुमारे ४ टक्के, असं अभ्यासक सांगतात. बाकीची ९६ टक्के आजारामुळे नाही, बहुतेक शहाण्या माणसांची.

आता शहाण्या माणसाचं ऐका. २०२४ च्या दिवाळीनंतर भावजींची नोकरी गेली. जानेवारीत मी तिळगूळ द्यायला गेले, तर भरदुपारी गॅरेजमध्ये बंद गाडीत बसलेले. दाढी वाढलेली. "काही नाही, फोन आला होता." फोन तर स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जिंगला होता, मी येताना पाहिला होता. मला ते बसणं माहीत आहे, मी तशी बसलेय. शेजारच्या सीटवर बसले आणि सरळ विचारलं, "भावजी, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?" बराच वेळ गेला. मग मान हलवली, पण 'नाही' म्हणून नाही. मी म्हटलं, "सेफचा नंबर सांगा." सांगितला.

त्या संध्याकाळी पेटी शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या आजोबांच्या सेफमध्ये गेली. ते हरणांची शिकार करतात, घरात नऊ बंदुका. का म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. हिवाळाभर असं कुणाकुणाचं ठेवतो, एवढंच म्हणाले. बंदूकवाल्यांबद्दलची माझी निम्मी मतं त्या दिवशी बदलली, निम्मी तशीच आहेत.

२०२२ मध्ये या देशात बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं मेली, त्यातल्या २७ हजारांवर आत्महत्या. मॉल आणि शाळांतले बळी या आकड्यात शोधावे लागतात. मानसिक आरोग्य आणि बंदूक यांचा खरा संबंध तिथे आहे, आणि त्याबद्दल टीव्हीवर कुणी बोलत नाही. कोर्टाच्या हुकमाने अशा माणसाची बंदूक काही काळ काढून घेता येते, त्याला रेड फ्लॅग कायदा म्हणतात. कनेक्टिकटने तो १९९९ मध्येच केला. आमच्या टेक्ससने २०२५ मध्ये उलट असे हुकूम इथे चालणारच नाहीत असा कायदा केला.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. काही गोळीबारांत मारेकरी खरोखर आजारी होते, २०११ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनला गोळीबार करणारा मुलगा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण होता, हे नाकारत नाही. आणि तुमच्या घरात कुणी गॅरेजमध्ये बसत असेल तर माझ्यासारखं एकटीने निस्तरू नका. अमेरिकेत ९८८ ला फोन करा, भारतात टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर.

भावजी आता बरे आहेत, नवी नोकरी आहे, माझ्याच डॉक्टरकडे जातात. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, ते मला माहीत आहे. गेल्या दसऱ्याला पाटावर लॅपटॉप आणि स्क्रू-ड्रायव्हरच होते. पेटी परत आणायची का, यावर दोघा नवराबायकोत वाद चालू आहे. मला कुणी विचारलेलं नाही. भावजी माझी इथली उत्तरं वाचतात, म्हणून मुद्दाम इथे लिहिलं.