उत्तर: खाडीकाठच्या रिट्रीट हाऊसला कुटुंबं घेऊन जाताय ना, मग आधी चावी कोणाकडे आहे ते विचारा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं दुखणं परत वर आलं. नगरहून चर्चच्या मंडळीची साठ-सत्तर माणसं, त्यात लहान मुलं आणि म्हाताऱ्या आया, जानेवारीत मुंबईजवळच्या उत्तन-गोराई-मनोरी पट्ट्यात, प्रार्थना आणि एकांतासाठी राहायच्या घरात म्हणजे रिट्रीट हाऊसमध्ये दोन रात्री, आणि बुकिंगचं ऑफिस म्हणतंय आधी पूर्ण पैसे भरा मग बाकीचं सांगू. थांबा. पैसे भरू नका अजून.

बस, जेवण, वर्गणी कशी काढायची हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, मंडळी चालवणाऱ्याला ते येतंच. मी फक्त ज्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं तेवढंच सांगते. नाव घेणार नाही, तिथली माणसं आता बदललीही असतील, आणि प्रत्येक ठिकाणी असंच होईल असंही म्हणत नाही.

तर आमचं बुकिंग शहरातल्या एका ऑफिसातून झालं. जागा खाडीवर, ऑफिस तिथून लांब, आणि ऑफिसातल्या माणसाने ती जागा शेवटची कधी पाहिली होती देव जाणे. पावतीवर लिहिलं काय, तर 'शनिवार-रविवार, हॉल व निवास' आणि माणसांचा आकडा. बस्स. आम्ही पुण्याहून पहाटे निघून मुलाबाळांसकट, ढोलकी-झांजा, खाऊचे डबे घेऊन पोचलो तर दुसऱ्या विंगमध्ये सिस्टर लोकांचं, म्हणजे कॅथलिक नन्सचं, आठ दिवसांचं मौनाचं रिट्रीट चालू! संत इग्नेशियसच्या पद्धतीची साधना असते ना, तीन दिवसांची, आठ दिवसांची, पूर्ण केली तर तीस दिवसांची, त्यात माणूस जेवतानासुद्धा बोलत नाही. त्या बिचाऱ्या वर्षभर वाट बघून त्या आठ दिवसांसाठी आलेल्या, आणि भिंतीपलीकडे आमची रविवारच्या शाळेची पोरं जिन्यावरून धावतायत. ऑफिसला दोन्ही बुकिंगं माहीत होती, एकाच वहीत होती. फोन केला तर शनिवारी दुपारनंतर ऑफिस बंद.

घर सांभाळणाऱ्या सिस्टर फार चांगल्या निघाल्या. त्यांना आमच्याबद्दल फक्त आकडा कळवलेला, कुटुंबं येणार हेसुद्धा माहीत नव्हतं. खोल्या जवळजवळ सगळ्या एकेका माणसाच्या, एक खाट, एक टेबल, एक खुर्ची, कारण ते घर बांधलंच मौनासाठी. तान्ह्या बाळाची आई एका खोलीत आणि बाबा दुसऱ्या मजल्यावर पुरुषांच्या डॉर्मिटरीत. गुडघे दुखणाऱ्या दोन आज्या वरच्या मजल्यावर. सिस्टरांनी स्वतःच्या ऑफिसची खोली रिकामी करून दिली तेव्हा त्या खाली झोपल्या. आमचं भजन संध्याकाळचं होतं ते बंद ठेवावं लागलं, आणि तुम्हाला सांगायला नको, मराठी मंडळीला ढोलकीशिवाय रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणजे काय ते. लोकं उदास झाली. मला आजही त्या सिस्टर लोकांचं जास्त वाईट वाटतं.

नंतर पैशांचं. हॉल वापरलाच नाही, अर्ध्या खोल्या मिळाल्या नाहीत, म्हणून काही रक्कम परत मागितली. अर्ज द्या. दिला. पाळकांच्या (पास्टरच्या) सहीशिक्क्याचं पत्र द्या. दिलं. ट्रस्टींची मीटिंग झाली की कळवू. मग मीटिंग झाली, पण विषय निघाला नाही. मग अर्ज सापडत नाही. शेवटी आम्ही नाद सोडला. तो पैसा आमच्यातल्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी महिना महिना साठवून दिलेला होता, म्हणून अजून राग जात नाही. देवाच्या नावाने चालणाऱ्या ऑफिसने तर जास्त चोख असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून ताई, ऑफिसशी बोला, पण त्याआधी प्रत्यक्ष घर सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. सिस्टर असो, ब्रदर असो, वॉर्डन असो, जिच्या हातात चाव्या तिच्याशी. विचारा की हे घर मौनाच्या रिट्रीटचं आहे का शिबिरांचं, त्या तारखांना दुसरं कोण आहे, खाली किती खोल्या, नवरा-बायको-मुलं एकत्र राहू शकतील अशा किती. आणि त्यांच्याकडून ते व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. खोल्यांची यादी हातात आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्सपलीकडे एक रुपया देऊ नका. आणखी एक, तुम्ही प्रोटेस्टंट मंडळी आणि तिथली बरीच घरं कॅथलिक. बहुतेक जण आनंदाने घेतात, पण चॅपल म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर वापरायचं का, प्रभूभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) करायचं का, हे आधी विचारलेलं बरं. त्यांच्यासाठी ती जागा पवित्र आहे, तिथे आपण पाहुणे.

आता खाडीचं. घाटावरच्या माणसाला हे कोणी सांगत नाही, ऑफिस तर नाहीच. फोटोत पाणी काठोकाठ भरलेलं आणि मागे सूर्यास्त, तो फोटो बघून सगळे जातात आणि संध्याकाळी समोर नुसता चिखल. भरती-ओहोटीचं गणित सोपं आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी 12 च्या आसपास आणि परत मध्यरात्री, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ 6 च्या सुमाराला. रोज वेळ साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे अष्टमीच्या आसपास बरोब्बर उलटं होतं, संध्याकाळी पाणी भरलेलं असतं. आत खाडीत थोडा उशीर धरायचा. कोळी लोकं पौर्णिमा-अमावास्येच्या पाण्याला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या पाण्याला भांग. भांगाचं पाणी फार चढत नाही, फार ओढतही नाही. लहान मुलं असतील तर मी अष्टमीजवळचा शनिवार-रविवार घेईन. कालनिर्णय उघडा आणि बघा. तरी मुलांना खाडीत उतरू देऊ नका म्हणजे नकोच, गाळात पाय रुतला की मोठ्या माणसालाही काढता येत नाही.

ओहोटी वाईट असं मात्र नाही हं. आमच्या पोरांचा सगळ्यात चांगला तास तोच गेला. सिस्टरांनी पहाटे त्यांना बांधावर नेलं, तिथे दगडावर बसून चिखलातले निवटे बघितले, मासा असून चिखलावर पंखांनी टुणटुण उड्या मारतो, आणि एक नांगी भलीमोठी असलेले इवलेसे खेकडे, पाय वाजला की सगळे एकदम बिळात. तिवरांची, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडांची, मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. एरवी गडबड करणारी पोरं तासभर कुजबुजत बोलत होती, पलीकडे सिस्टर लोकं प्रार्थनेत, कोणालाच त्रास नाही. एवढं एका फोनवर आधी ठरवता आलं असतं ना!

यावरून माझं एक मत, पटलं तर घ्या. कार्यक्रम ठासून भरू नका. सकाळी 6 ला प्रार्थना, मग संदेश (प्रवचन), मग गटचर्चा, मग परत संदेश, यात कुटुंबं दमून जातात आणि आया तर स्वयंपाकघरातून सुटून आल्या असतात, त्यांना बसू द्या. मार्कच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना एकांती येऊन विसावा घ्यायला सांगतो, तर विसावा घेऊ द्या की. दुपारी 2 ते 4 काही ठेवूच नका. पाळकांना पटवावं लागेल, पण पटवा.

बाकी सुटं सुटं: मोठी बस घेऊन येणार असाल तर रस्ता भाईंदर पश्चिमेहून उत्तनमार्गेच. मार्वे-मनोरी आणि बोरिवली-गोराई या फेरीबोटींनी माणसं जातात, बस नाही. ड्रायव्हरला आधीच सांगा, नाहीतर मॅप त्याला जेट्टीवर नेऊन उभा करेल. गोराईला पॅगोडा आणि बीचमुळे रविवारी फेरीला गर्दी असते. 26 जानेवारीला जोडून सुट्टी आली तर ते दिवस टाळाच. लाऊडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद, तो कायदाच आहे, त्यामुळे रात्रभराची प्रार्थना असेल तर ती माइकशिवाय. कॅम्पफायरसाठी तिवराच्या फांद्या तोडायच्या नाहीत, कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि हायकोर्टाने 2005 मध्ये त्याच्या 50 मीटरच्या आत बांधकामालासुद्धा बंदी घातली. आणि कायदा नसता तरी ती झाडं आहेत म्हणून तो किनारा उभा आहे. संध्याकाळी डास भरपूर, ओडोमॉस घरटी एक. उत्तनला बोंबील वलांड्यांवर वाळत घातलेले दिसतील, वास येईल, मुलांना नाक मुरडू देऊ नका, ती तिथल्या माणसांची भाकरी आहे. उलट जाताना थोडे विकत घ्या.

रात्री एक गाडी तिथेच ठेवा, ड्रायव्हरसकट. म्हातारी माणसं असताना यावर वाद घालू नका.

तारखा ठरल्या की इथेच टाका, तिथी बघून त्या दोन दिवसांची भरतीची वेळ मी काढून देते. आणि ऑफिसने परत पूर्ण पैशांचा आग्रह धरला तर सांगा की घराच्या सिस्टरांशी बोलून कळवतो, मग फोन ठेवा.