मुखड्यात धमकी आली की

प्रश्न : ‘माझी नाहीस, तर कुणाचीच नाहीस’ अशा अर्थाचा मुखडा (गाण्याचं धृपद) लिहिला. नायकाचं प्रेम विखारी आहे, हे दाखवायचं होतं. पण गॅदरिंगमध्ये पोरं टाळ्यांचा ठेका धरून तोच मुखडा म्हणू लागली. कुठे चुकलं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : चूक जागेची आहे. तीन अंतऱ्यांच्या (कडव्यांच्या) गाण्यात मुखडा सुरुवातीला एकदा आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर एकदा, असा निदान चारदा येतो. गायकानं तो दोन-दोनदा घेतला की आठदा. अंतरा मात्र एकदाच. त्यामुळे धमकी मुखड्यात बसली की तिची घोषणा होते. अंतऱ्यात कितीही पश्चात्ताप लिहा, क्रॉस लाईन (अंतऱ्यातून मुखड्याकडे परत नेणारी ओळ) संपली की पुन्हा धमकीच.

ती ओळ दुसऱ्या अंतऱ्यात न्या. मुखड्यात तिचा परिणाम ठेवा : तिनं बदललेला रस्ता, न उचललेला फोन. संगीतकाराशीही बोला. द्रुत लयीतला आठ मात्रांचा केरवा ताल कुठल्याही शब्दांना नाचायला लावतो. त्या ओळीपुरता ठेका थांबवला तरी शब्द उघडे पडतात. आणि एक अंतरा तिला द्या. आपल्या शाहिरांनी पुरुष असूनही लावणीत बाईच्या तोंडून विरह आणि रुसवा लिहिला. तुमच्या गाण्यात ती एक शब्दही बोलत नाही, ही आम्हाला मोठी उणीव वाटते.

नायक जीव द्यायला निघाला असेल, तर तो कसा देतो याचा तपशील गाळा. मरण हा प्रेमाचा पुरावा ठरेल अशी ओळ तर नकोच. ऐकणाऱ्यांत खरोखर खचलेली पोरंही असतात.

प्रश्न : ‘तुझ्या आठवांनी उरी दाह होतो’ ही माझी ओळ वृत्तात आहे, तरी सगळे सपक म्हणतात.
— एक वाचक, सांगली

उत्तर : भुजंगप्रयात अचूक आहे : लगागा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, 12 अक्षरं, 20 मात्रा. पण आठव, उर, दाह हे शब्द कुणाच्याही गझलेत बसतील. कोण कुणाला काय करतं, ते दिसत नाही. त्याच वृत्तात हे पाहा :

तुझा फोन मी रोज चोरून पाही
तरी सांगतो, प्रेम माझेच मोठे

इथे दुःखाचं नावही नाही, पण बोलणारा स्वतःच्याच तोंडानं पकडला जातो. ‘तरी’वर शेर, म्हणजे ही दोन ओळींची जोडी, वळतो, तो शब्द पहिल्या ओळीत घातलात तर दुसरीला काम उरत नाही. पुढच्या शेरांना कोठे, गोठे असे काफिये (यमकाचे शब्द) मिळतील. मतल्यात (गझलेच्या पहिल्या शेरात) मात्र ते दोन्ही ओळींत लागतात. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, म्हणून या माणसाला पुढच्या शेरात माफ करण्याची सोय नाही. दोष दाखवायचा असेल, तर तो याच दोन ओळींत पुरता दिसला पाहिजे.