शिकागोतली बाग: फलकावरची ओळ खरी की नुसती लिहायला?

तुम्ही विचारलंय, ऑगस्टमध्ये शिकागोला येतोय, घराजवळच्या बागेच्या गटाच्या फलकावर 'वांशिक न्यायाला आम्ही बांधील आहोत' असं दिसलं, ते मनापासून असतं का आणि आपण त्यात जावं का. जावं. मी नऊ वर्षं जातेय.

ती ओळ उगाच आलेली नाही. जुलै 1919 मध्ये युजीन विल्यम्स हा 17 वर्षांचा काळा मुलगा मिशिगन सरोवरात तराफ्यावरून गोऱ्यांच्या बाजूला वाहत गेला. किनाऱ्यावरून दगड आले, तो बुडाला, आणि नंतरच्या दंगलीत 38 माणसं मेली. 1982 मध्ये तर केंद्र सरकारनंच शिकागो पार्क डिस्ट्रिक्टवर खटला भरला, काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांतल्या बागांना डावललं म्हणून. 2020 मध्ये डग्लस पार्क या बागेच्या नावातून सिनेटर स्टीफन डग्लस गेले आणि गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस व त्यांची पत्नी ॲना आले, तेही शाळकरी पोरांनी काही वर्षं पिच्छा पुरवला म्हणून. इंग्रजीत एक 'एस' वाढला. मराठीत पाटी तीच!

या गटांना इथं पार्क ॲडव्हायझरी कौन्सिल म्हणतात. पगार नाही, सभा आणि श्रमदान. फलकापेक्षा सभेची वेळ बघा. आमची मंगळवारी दुपारी चारला असायची; येणार कोण, तर निवृत्त गोरी मंडळी. मग वेळ सातची केली, स्पॅनिश बोलणारी शेजारीण दुभाषी म्हणून बसवली. पहिल्याच सभेत एक आई म्हणाली, टेनिसचे दिवे दहापर्यंत चालू, मग बास्केटबॉलचे आठलाच का बंद? आम्ही सगळे गप्प. रोज तिथूनच फिरत होतो की.

आता माझं. पहिल्या श्रमदानाला अवजारांच्या खोलीपाशी एक काळा मुलगा बसला होता. मी हसत विचारलं, "तू कोणाबरोबर आलायस?" खोलीची किल्ली त्याच्याच खिशात होती. त्या दिवसाचं काम तोच वाटून देणार होता. त्यानं मला फावडं दिलं, बाकी काही बोलला नाही.

घर शोधताना 'तिकडे साउथ साइडला नको हं' (म्हणजे शहराच्या दक्षिणेला, जिथं काळ्यांची वस्ती जास्त) असं सांगणारे आपलेच लोक भेटतील. कधी गेला होतात, एवढं विचारा त्यांना.

मुलांना घेऊन जा. हातमोजे तिथं मिळतात, पण पोरांच्या मापाचे नसतात, घरून न्या.