१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये रिले संघातून ऐनवेळी वगळलेले अमेरिकन धावपटू मार्टी ग्लिकमन यांच्या मुलाखतींवरून त्या रिलेवर मराठी पॉडकास्ट करायचा आहे. त्यांचं सांगणं किती प्रमाण मानायचं?

घटनाक्रम त्यांच्याकडून बिनधास्त घ्या. कोणी काय हेतूने केलं, हे मात्र ‘ग्लिकमन यांच्या मते’ असं म्हणूनच सांगा. मुलाखत ऐकताना ही दोन खाती वेगळी ठेवली नाहीत, तर नंतर निस्तरता येत नाहीत.

कारण हा माणूस साधा साक्षीदार नाही, मुरलेला समालोचक आहे. न्यूयॉर्कमध्ये निक्सचं बास्केटबॉल आणि जायंट्सचं फुटबॉल त्यांनी वर्षानुवर्षं रेडिओवर सांगितलं. श्रोत्याला मैदान दिसत नाही, म्हणून कोण कुठे उभा आहे हे आधी सांगायचं आणि मग हालचाल, ही त्यांची सवय. बर्लिनची हकीकतही ते तशीच सांगतात: खोली, माणसं, मग संवाद. अनेक दशकं सांगून तो संवाद घोटीव झालाय. प्रशिक्षक रॉबर्टसन काय म्हणाले, संघातले धावपटू ओवेन्स काय म्हणाले, याचा आशय धरा. शब्द अवतरणचिन्हांत टाकायचे असतील, तर ते ग्लिकमन यांच्या आठवणीतले आहेत हे वाक्यातच येऊ द्या.

थोडक्यात प्रकरण असं. ४ × १०० मीटर रिलेसाठी स्टोलर, ग्लिकमन, ड्रेपर, वायकॉफ असा क्रम ठरला होता आणि हे चौघं बॅटन देण्याघेण्याचा सराव करत होते. ८ ऑगस्टला प्राथमिक फेरी होती. त्या सकाळच्या बैठकीत मुख्य प्रशिक्षक लॉसन रॉबर्टसन यांनी स्टोलर आणि ग्लिकमन यांना काढून जेसी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ यांना घेतलं. जर्मनांनी चांगले धावपटू दडवून ठेवलेत, हे त्यामागचं सांगितलेलं कारण. अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स संघात ज्यू होते ते काढलेले हे दोघंच, स्टोलर आणि ग्लिकमन. ग्लिकमन तेव्हा १८ वर्षांचे होते. १९ वं लागलं १४ ऑगस्टला, म्हणजे अंतिम शर्यतीनंतर पाच दिवसांनी. लेखांत हे वय हमखास चुकतं.

त्यांचं एक विधान तर कागदावर तपासता येतं. कोणतेही चौघं धावले तरी आपण १५ यार्डांनी जिंकू, असं आपण बैठकीत म्हटल्याचं ते सांगतात. ९ ऑगस्टचा निकाल: अमेरिका ३९.८ सेकंद (विश्वविक्रम), इटली ४१.१, जर्मनी ४१.२. फरक १.३ सेकंदांचा. इटलीचा सरासरी वेग काढा: ४०० भागिले ४१.१, म्हणजे सेकंदाला सुमारे ९.७ मीटर. गुणाकार केला की साडेबारा मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास १४ यार्ड. हा निकाल ओवेन्स आणि मेटकाफ असलेल्या संघाचा आहे हे खरं, पण दडवलेले जर्मन कुठे निघाले नाहीत हेही त्यातून दिसतं. असे आकडे त्या ऑलिंपिकच्या अधिकृत अहवालात मिळतात. लॉस एंजेलिसच्या एलए८४ फाउंडेशनच्या डिजिटल ग्रंथालयात तो आहे. मुलाखत ऐकण्याआधी तो उघडून ठेवा.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘ट्रायल’ या शब्दाचा होतो. मुलाखतीत तीन वेगळ्या शर्यती येतात. पहिली जुलैमधली रँडल्स आयलंडवरची निवड चाचणी. तिथे आपल्याला आधी तिसरा ठरवून मग पाचव्या जागी ढकललं, असं ते सांगतात. दुसरी बर्लिनमधली सरावाची शर्यत: त्यांच्या सांगण्याप्रमाणे स्टोलर पहिला, ते दुसरे, ड्रेपर तिसरा. तिसरी प्रत्यक्ष स्पर्धेतली प्राथमिक फेरी. मराठीत ‘निवड चाचणी’, ‘सराव शर्यत’ आणि ‘प्राथमिक फेरी’ हे शब्द पक्के करा आणि शेवटपर्यंत बदलू नका. ‘कोच’चंही तसंच. रॉबर्टसन मुख्य, डीन क्रॉमवेल सहायक. यंत्राने काढलेल्या लिखाणात फॉय ड्रेपर आणि वायकॉफ या नावांचं काहीही होऊ शकतं. म्हणून ती नावं येतात तिथे कानांनी ऐका आणि प्रत्येक उताऱ्यापुढे मिनिट-सेकंद लिहा.

आता हेतू. ड्रेपर आणि वायकॉफ हे क्रॉमवेल यांच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे आपल्या पोरांना सांभाळलं हा एक तर्क. हिटलरसमोर ज्यू खेळाडू विजयमंचावर नकोत म्हणून क्रॉमवेल आणि अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांनी हे केलं, हा दुसरा. ग्लिकमन दोन्ही सांगतात, भर दुसऱ्यावर. ब्रंडेज यांच्या समितीने आपल्या अहवालात धर्माचं कारण साफ नाकारलं होतं. १९९८ मध्ये मात्र अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष विल्यम हिबल यांनी लेखी पुरावा नसला तरी परिस्थिती पुरेसं बोलते, अशी भूमिका घेतली. ग्लिकमन यांना सन्मानचिन्ह मिळालं, आणि स्टोलर यांना मरणोत्तर. मला स्वतःला दुसरा तर्क जास्त पटतो. पण पहिला गाळलात तर ड्रेपर संघात कसा टिकला हे श्रोत्याला कळणारच नाही.

कोणती मुलाखत निवडावी? वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाच्या मौखिक इतिहास विभागापासून सुरुवात करा. १९९६ मध्ये तिथे बर्लिन ऑलिंपिकवर प्रदर्शन भरलं होतं. ग्लिकमन यांच्यावरचा २०१३ चा माहितीपट नंतर बघा. त्यात बोलणं कापून जोडलेलं असतं, आधीचा प्रश्न काय होता ते कळत नाही. आणि मूळ आवाज वापरायचा असेल तर परवानगी आधी मागा, भाग तयार झाल्यावर नव्हे.

भाषांतराचा एक मुद्दा राहिला. चेंडू कडीला न लागता जाळीतून गेला की ते ‘स्विश’ म्हणत, हा शब्द त्यांनीच रूढ केला. त्याचं ‘सर्रकन’ वगैरे करू नका, स्विशच ठेवा. ‘गुड लाइक नेडिक्स’ आलं तर एवढंच सांगा, की नेडिक्स ही न्यूयॉर्कची खाण्यापिण्याची दुकानं, प्रायोजक होती आणि बास्केट पडली की ते हे वाक्य टाकायचे.