वाचता न येणारी अक्षरं आणि तुमची लेक

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बारावी सायन्सला आहे. जर्नलच्या मागच्या पानांवर बोरूने 'क' आणि 'ळ' गिरवत पानंच्या पानं काळी करते. इराणी चित्रकार हुसेन झेंदेरूदींची चित्रं पाहिल्यापासून तिला तेच करायचंय. तिचे बाबा म्हणतात, "जे वाचताच येत नाही त्याला अक्षर कशाला म्हणायचं?" आणि तुम्ही विचारताय, यावर पोट भरेल का?

आधी त्या काळ्या पानांबद्दल सांगते. इराणमध्ये त्यांना 'सियाह मश्क' म्हणतात, म्हणजे काळा सराव. हात बसावा म्हणून सुलेखनकार तीच अक्षरं एकावर एक लिहीत, कागद फिरवून पुन्हा लिहीत, कोरी जागा संपेपर्यंत. पुढे ही सरावाची पानंच चित्रासारखी जपली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकातल्या मिर्झा गुलाम रझा इस्फहानींचं नाव त्यासाठी आजही आदराने घेतलं जातं. तेव्हा रद्दीवाला यायच्या आत त्या वह्या बाजूला काढून ठेवा.

झेंदेरूदींचा जन्म १९३७ चा, तेहरानचा. तरुणपणी तिथल्या संग्रहालयात त्यांना एक मंतरलेला सदरा दिसला. अंगभर बारीक अक्षरं, आकडे, चौकटी. अर्थ लावायची गरजच नाही, नुसत्या दाटीनेच अंगावर येणारं काम. ते त्यांच्या मनात रुतलं. साठच्या दशकात त्यांच्यासारख्या चित्रकारांना समीक्षक करीम इमामींनी 'सक्काखाना' हे नाव दिलं. सक्काखाना म्हणजे करबलाच्या लढाईतल्या तहानलेल्यांची आठवण म्हणून गल्लीत बांधलेली पाणपोई. लोक तिथे मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात. ही मंडळी प्रेरणेसाठी आपल्याच गल्लीकडे वळली होती.

आता तिच्या बाबांसाठी. नस्तालीक या फारसी लेखनशैलीत कलमाचं टोक तिरकं छाटतात आणि त्याच टोकाने उमटवलेल्या ठिपक्यांनी अक्षराचं माप घेतात. इतकी शिस्त त्या परंपरेत आहे. झेंदेरूदींनी अक्षर मोडलं ते या परंपरेच्या आत वाढून, आणि तेहरानच्या शोभेच्या कलांच्या महाविद्यालयात शिकून. लेकीचं 'ळ' आधी सुबक यायला हवं. मग तिला हवं तसं तिने ते मोडावं. आपला बोरूही तसाच तिरका छाटतात, आणि शाई, कलम, कागद हे शब्दही आपल्याकडे फारसीच्याच वाटेने आले. ती परक्याचं काही उचलतेय असं मला वाटत नाही.

पोटाचं म्हणाल तर २००८ मध्ये दुबईच्या लिलावात झेंदेरूदींचं 'चहार बाग' हे चित्र सोळा लाख डॉलरला गेलं. कृपा करून हा आकडा घरात बोलू नका. चित्र १९८१ चं होतं आणि चित्रकाराने सत्तरी ओलांडली होती. त्यापेक्षा तिला हे सांगा, की १९६१ मध्ये पॅरिसला गेल्यावर त्यांनी पुस्तकांचंही काम केलं. १९७२ ची त्यांची सचित्र कुराणाची आवृत्ती नावाजली गेली. त्यांच्याच पिढीतले, कझवीनचे मोहम्मद एहसाई तेहरान विद्यापीठात शिकवत राहिले आणि शिकवता शिकवता मोठे चित्रकार झाले. अक्षराचं काम करणाऱ्याच्या घरात पैसा बऱ्याचदा पुस्तक, डिझाइन, फॉन्ट, शिकवणं अशा वाटांनी येतो.

म्हणून तिने रंगकलेऐवजी उपयोजित कला, म्हणजे अप्लाइड आर्ट घ्यावी असं माझं मत आहे. तिथे अक्षर हा अभ्यासाचाच विषय असतो. बारावीनंतर राज्याची कला सीईटी असते. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय आता अभिमत विद्यापीठ झालंय, तिथल्या प्रवेशाची माहिती थेट त्यांच्याकडून घ्या. सोबत डिझाइनच्या पदवीसाठीची यूसीड ही प्रवेश परीक्षाही देऊ दे, सायन्सची मुलगी आहे, गणिताला घाबरणार नाही. त्यातून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात जाता येतं, जिथे र. कृ. जोशींनी देवनागरी अक्षरावर आयुष्य घातलं. सुलेखनकार अच्युत पालवांनी जोशींच्याच मार्गदर्शनाखाली मोडीचा अभ्यास केला. २०२५ मध्ये पालवांना पद्मश्री मिळाली.

बारावीचे मार्क मात्र सोडू नका, ते या वाटेलाही लागतात. आणि त्या वह्यांतली तिला स्वतःला आवडलेली दहा पानं तिच्याकडूनच निवडून घ्या, तारखा घालून फाइलला लावा. माझ्याकडे याल तेव्हा ती फाइल आणि तिचा बोरू, दोन्ही घेऊन या. टोक कसं छाटते ते मला बघायचंय.