नागिणीनंतरची आग आणि चुकीची गोळी

नागिणीचे फोड सुकून तीन महिने झाले, तरी बरगडीवर आग होते, सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही आणि डायक्लोफेनॅक या दुखण्या-सुजेवरच्या गोळीने काडीचा फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. (मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.)

मुरगळलं किंवा सांधा सुजला की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होऊन नसांची (म्हणजे मज्जातंतूंची, रक्तवाहिन्यांची नव्हे) टोकं हुळहुळी होतात. डायक्लोफेनॅक तेच रोखतं. तुमची कातडी बरी झालीय, बिघडलीय ती नस. कारण नसताना ती संदेश पाठवत राहते. मग सूज उतरवणारी गोळी कितीही घ्या, फक्त पोट आणि मूत्रपिंड खराब होईल.

यावर अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही औषधं देतात. पहिलं नैराश्याचं, बाकीची दोन फिटची म्हणून ओळखली जातात. इथेच घोडं पेंड खातं. 'मला काय वेड लागलंय?' म्हणून, नाहीतर 'आठवडा झाला, गुण नाही' म्हणून लोक गोळी सोडतात. माझीही सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. अमिट्रिप्टिलिन साधारण १० मिलिग्रॅमपासून, रात्री, सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. झेपेल तो डोस गाठल्यावरही काही आठवडे द्यावे लागतात. गुंगी आणि तोंडाला कोरड आधी येते, आराम नंतर. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधीच सांगा. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनचा डोस क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून ठरतो, आणि ती एकदम बंद करायची नाहीत, उतरवत आणायची.

दुखणं शून्यावर येईल ही अपेक्षा ठेवू नका. निम्म्यावर आलं आणि रात्रीची झोप लागली, तरी औषध लागू पडलं म्हणायचं.

जागा लहान असेल तर ५ टक्के लिडोकेनच्या (जागा बधिर करणाऱ्या औषधाच्या) पट्टीबद्दल विचारा: १२ तास लावायची, १२ तास काढायची, फुटलेल्या कातडीवर नाही.

आणि तपासायला गेलात की नुसतं 'दुखतं' म्हणू नका. आग, मुंग्या, करंट, बधिरपणा, कापड लागलं तरी कळ, हे शब्द वापरा. मला एका दवाखान्यात 'रिपोर्ट नॉर्मल, मनाचे खेळ' ऐकून परत यावं लागलं होतं. अहो, नस रक्ताच्या रिपोर्टात कशी दिसणार! तिथे वाद घालत बसू नका, सरळ वेदना चिकित्सा विभाग असलेलं रुग्णालय गाठा.