आय२सी सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये डीएमए वापरावा का? बफर स्टॅकवर ठेवला तर चालतो का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की यावलकडे केळी पिकवायच्या चेंबरसाठी एआरएम प्रोसेसरचा बोर्ड बसवताय, एसएचटी३१ या तापमान-आर्द्रता सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर स्वतः लिहिताय, आणि कुणीतरी सांगितलं की प्रत्येक बफर (डेटा तात्पुरता ठेवायची मेमरीतली जागा) केमॅलॉकनेच, म्हणजे कर्नलकडून वेगळी मेमरी मागूनच घे, नाहीतर डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीत डेटा नेणारी सोय) घोळ घालेल. मी जळगावला अशाच चेंबरच्या कंट्रोलरचं काम करतो, म्हणून उत्तर देतोय. आय२सी या दोन तारांच्या संथ जोडणीवरच्या या सेन्सरसाठी एवढा खटाटोप करू नका. पण त्याच बोर्डावर एसपीआय या दुसऱ्या, वेगवान जोडणीची चिप लावणार असाल, तर तो सल्ला अक्षरशः पाळा.

आधी आय२सीचा हिशोब पाहा. एका बाइटला ९ क्लॉक लागतात, आठ डेटाचे आणि एक ॲकचा, म्हणजे मिळाल्याच्या पोचेचा. १०० किलोहर्ट्झवर ते झाले ९० मायक्रोसेकंद. एसएचटी३१ एका वेळी ६ बाइट देतो: तापमानाचे दोन, आर्द्रतेचे दोन आणि दोघांचा एकेक सीआरसी (चूक तपासायचा बाइट). पत्त्याचा बाइट धरला तरी ६३० मायक्रोसेकंदांत काम उरकतं. उलट अचूक मोजमाप करायला सेन्सर स्वतःच १५ मिलिसेकंदांपर्यंत घेतो. आता यासाठी डीएमए लावायचा म्हणजे बफर मॅप करा, कॅश (सीपीयूजवळची झटपट मेमरी) साफ करा, डीएमएचं चॅनेल भरा, शेवटी सगळं मोकळं करा. शेजारच्या घरी सहा केळी द्यायला कुणी सावद्याहून ट्रक भरत नाही.

म्हणूनच लिनक्समध्ये आय२सी मेसेजचा बफर डीएमएला चालणारा असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. तुमचा सेन्सर ड्रायव्हर साधा स्टॅकवरचा, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला ॲरे देऊ शकतो. डीएमए लावायचा की नाही, हे बोर्डावरच्या आय२सी कंट्रोलरचा ड्रायव्हर ठरवतो. त्याने आय२सी_गेट_डीएमए_सेफ_एमएसजी_बफ हे फंक्शन बोलावलं की मेसेज ठरावीक लांबीपेक्षा छोटा असल्यास नल (म्हणजे बफरच नाही) मिळतो, आणि काम नेहमीच्या पद्धतीने बाइटबाइट होतं. मेसेज मोठा असेल आणि त्यावर डीएमए-सेफ फ्लॅग (बफर डीएमएला चालतो अशी खूण) असेल, तर तुमचाच बफर वापरला जातो. फ्लॅग नसेल तर वेगळा बफर घेऊन कॉपी केली जाते. ही मर्यादा कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर अवलंबून असते, ढोबळमानाने ८ बाइट धरा. तुमचे ६ बाइट तिथपर्यंत पोचतच नाहीत.

चेंबरच्या दारावर १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओएलईडी डिस्प्ले लावलात तर मात्र गोष्ट वेगळी. एका फ्रेमचे १०२४ बाइट, ४०० किलोहर्ट्झवर जवळजवळ २३ मिलिसेकंद. तिथे बफर केमॅलॉकने घ्या, फ्लॅग लावा, कॉपीही वाचेल. फक्त स्टॅकवरच्या बफरला तो फ्लॅग कधीही लावू नका. फ्लॅग म्हणजे तुम्ही दिलेली हमी आहे, ती खरी की खोटी हे तिथे कुणी तपासत नाही. २०१६ अखेरच्या ४.९ कर्नलपासून एक्स८६वर आणि पुढे एआरएम६४वरही कर्नलचा स्टॅक व्हीमॅलॉकच्या जागेत, म्हणजे भौतिक मेमरीत सलग नसलेल्या पानांवर ठेवता येतो. तसा असेल तर त्याच्या पत्त्यावरून भौतिक पत्ता नेहमीच्या सरळ पद्धतीने काढताच येत नाही.

आता एसपीआय. मला खरी काळजी याची वाटते. समजा पीटी१०० या तापमान सेन्सरसाठी मॅक्स३१८६५ ही त्याचं वाचन करणारी एसपीआय चिप लावलीत. एसपीआय ट्रान्सफरचे बफर डीएमए-सेफच हवेत, इथे सूट नाही. स्टॅक तर नकोच, पण बफर नुसता स्ट्रक्चरमध्ये ठेवूनही भागत नाही. बऱ्याच एआरएम चिपवर कॅश लाइन (कॅश एका वेळी हाताळते तो मेमरीचा तुकडा) ६४ बाइटची असते, आणि अनेक बोर्डांवर डीएमए आणि कॅश यांचा मेळ हार्डवेअर आपोआप राखत नाही. समजा, रिसीव्ह बफरला लागूनच तुमची किमान तापमानाची मर्यादा आहे. ट्रान्सफर चालू असताना सीपीयूने ती बदलली, आणि ट्रान्सफर संपल्यावर कॅशमधली ती लाइन रद्द झाली, की नवी मर्यादा गेली, जुनी परत आली. किंवा ती लाइन मधेच मेमरीत लिहिली गेली, तर डीएमएने आणलेलं वाचन पुसलं जातं. १३ अंशांच्या खाली केळीची साल काळवंडते, आणि अख्ख्या चेंबरचा माल त्या एका आकड्यावर अवलंबून असतो. लॅपटॉपवर हा दोष दिसणारही नाही, कारण एक्स८६वर तो मेळ हार्डवेअरच राखतं.

म्हणून बफर स्ट्रक्चरच्या अगदी शेवटी ठेवा आणि त्याला एआरसीएच_डीएमए_मिनअलाइनचं अलाइनमेंट द्या, म्हणजे तो शेजाऱ्यांच्या कॅश लाइनमध्ये येणार नाही, किंवा वेगळा केमॅलॉक करा. चार-दोन बाइटचं रजिस्टर वाचायचं असेल तर एसपीआय_राइट_देन_रीड वापरा. ते डेटा स्वतःच्या बफरमधून फिरवतं, त्यामुळे त्याला स्टॅकवरचा ॲरे दिला तरी चालतो.

माल भरण्याआधी डीएमए_एपीआय_डीबग (डीएमएच्या चुका पकडणारा पर्याय) चालू केलेला कर्नल त्याच एआरएम बोर्डावर चालवा. स्टॅकवरची जागा मॅप केली की तो लॉगमध्ये लगेच बोलतो. शेजारच्या व्हेरिएबलवर सीपीयूने केलेलं लिखाण मात्र त्याला पकडता येत नाही. ते स्ट्रक्चर स्वतःच डोळ्यांखालून घाला.